छोट्या बेटाची सहल: आधी नौकेची पारख

कॅरिबियन समुद्रातील क्युरासाओ बेटावर येणारे पर्यटक एक दिवस हमखास राखून ठेवतात तो क्लाइन क्युरासाओसाठी. डच भाषेत ‘क्लाइन’ म्हणजे लहान. आग्नेयेकडचे हे बेट आहेही जेमतेम १.७ चौरस किलोमीटरचे. कायमची वस्ती नाही. पांढरीशुभ्र वाळू, जुने दीपगृह आणि नितळ पाण्यात पोहणारी कासवे, एवढेच इथले वैभव.

सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या नौका अनेक आहेत. छायाचित्रे पाहून शिडाच्या नौकेचा मोह पडतो. पण इथे वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे जाताना तो समोरून येतो आणि लाटा नौकेवर आदळतात. परतताना मात्र तोच वारा पाठीशी असतो. इंजिनाची वेगवान बोट लवकर पोचवते, पण हिसके देते. कॅटमरान, म्हणजे जोडनौका, रुंद असल्याने कमी डोलते, पण वेळ जास्त घेते. घरात कोणाला बोट लागत असेल, तर निवड त्याच्या सोयीने करावी आणि औषध निघण्यापूर्वीच द्यावे.

दुसरा प्रश्न सावलीचा. १९व्या शतकातील फॉस्फेटच्या खाणी आणि चरणाऱ्या शेळ्या यांनी बेट उजाड केले. झाडे आजही मोजकीच. म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: किनाऱ्यावर छप्पर आहे का, स्वच्छतागृह कुठे, शाकाहारी जेवण मिळेल का आणि बेटावर प्रत्यक्ष किती तास मिळतील. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील, तर भाड्यातल्या सवलतीपेक्षा ही उत्तरे मोलाची ठरतात.