उन्हावरची कात्रणवही

साप्ताहिकं रद्दीत घालताना ज्यांचा हात अडखळतो, त्यांना माझं म्हणणं चटकन पटेल. माझी आई त्यातलीच. कैरीच्या लोणच्याचं प्रमाण, लोकरीच्या टोपीची वीण, बाळाला वरचं अन्न कधी द्यावं, डॉक्टरीणबाईंनी वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं, सगळं कापून ती खळीनं जुन्या वह्यांत चिकटवायची. आमचं माहेर बीबीचं. तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा. आईच्या या चार वह्या म्हणजे आमच्या आळीचं वाचनालयच होतं म्हणा ना! कुणी नवी सून यायची, ‘काकू, वही पाहू का जरा?’ म्हणायची आणि कोपऱ्यात बसून पानं उलटायची. ती नेमकं काय वाचतेय, हे आईनं कधी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, आता कसली कात्रणं घेऊन बसलीस? घरोघरी मोबाईल आहेत, बोट लावलं की सगळं हजर! पण घरात मोबाईल असणं आणि तो बाईच्या हाती असणं यात केवढं अंतर आहे, ते माहेरी चार दिवस राहिलं की कळतं. आमच्या दादाचा फोन सकाळी त्याच्याबरोबर शेतात जातो, तिथून बाजारात. रात्री परततो तेव्हा बॅटरी संपत आलेली, दिवसाचं नेटही संपलेलं. मग भाचीला अर्धा तास मिळतो, तोही ओसरीवर सगळ्यांदेखत. वहिनीचा फोन साधा, बटणांचा. एका घरात दोन-तीन रिचार्ज परवडत नाहीत, आणि परवडले तरी पहिला मुलाचा असतो, मुलीचा नव्हे. वळवाचा पाऊस झोडपून गेला की वीज जाते ती जाते, फोनची रेंजही तिच्यामागोमाग जाते.

भाची बारावीला, शास्त्र शाखेत. तिला नर्स व्हायचंय. दादा तसा मायाळू बाप, पण मोबाईलचं नाव काढलं की, ‘पोरीच्या हाती मोबाईल देऊ नये, डोस्कं फिरते,’ हे ठरलेलं वाक्य.

आमचे चिरंजीव पुण्यात इंजिनिअरिंगला आहेत. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आजोळी जाऊन एक उद्योग केला. रास्पबेरी पाय नावाचा एक इवलासा संगणक मिळतो. शाळकरी मुलांना स्वस्तात संगणक शिकता यावा म्हणून 2012 साली तो इंग्लंडात निघाला. पत्त्याच्या पानाएवढा, त्याला पडदा नाही, टाइप करायच्या कळाही नाहीत. त्यात नखाएवढं कार्ड बसतं नि त्या कार्डात पुस्तकं. चालू केला की तो आपल्याभोवती वायफाय पसरवतो, ओसरी-अंगणापुरतं. इंटरनेटशी त्याचा काही संबंध नाही. घरातला एखादा जुना, बिनसिमचा फोन त्याला जोडला की पुस्तकांची यादी समोर येते. वीज लागते जेमतेम चार-पाच वॅट, म्हणजे आपल्याकडे रात्री लावायचे त्या झिरोच्या दिव्यापेक्षाही कमी! छपरावर छोटंसं सौर पॅनल नि खाली एक बॅटरी, एवढ्यावर भागतं. आमच्या घाटावर दुसऱ्या कशाची नसली तरी उन्हाची चंगळ आहे.

ही कल्पना काही त्याची नव्हे, बरं का. अख्खा विकिपीडिया उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वाचायची सोय किविक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनं 2007 सालापासून केली आहे. त्यात मराठीही आहे. अमेरिकेतल्या अरिझोना राज्याच्या विद्यापीठात लॉरा हॉस्मन नावाच्या प्राध्यापिका आहेत. त्यांनी उन्हावर चालणारी अशीच वाचनालयं तयार करून प्रशांत महासागरातल्या व्हानुआटूसारख्या बेटांवर नेली. आणि पेटीत घालून पुस्तकं दारी न्यायची रीत तर आपल्या मराठी माणसांना जुनीच. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं, आणि त्यानंतर बडोदा संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 2009 साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, तेही पेटीतूनच. त्या पेट्या परदेशांतल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. आमची पेटी या सगळ्यांपुढे अगदीच चिमुकली, एका घरापुरती. खर्च आठ-नऊ हजार. आमच्या ह्यांनी तो ऐकून आधी भुवया उंचावल्या, मग मुकाट्यानं दिले.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. उंदीर कुरतडतील म्हणून आजीबाईंनी ते यंत्र आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून वर कुलूप लावलं. झालं! वायफाय गडप. पत्र्यातून त्या लहरी धड बाहेर पडत नाहीत. चिरंजीव अर्धा दिवस तारा तपासत बसले. शेवटी एका जुन्या लाकडी खोक्याला भोकं पाडून त्यात ते बसवलं. भोकं अशासाठी की मे महिन्यात बिचारं तापून बंद पडायचं.

दादा सुरुवातीला दुरूनच पाहत होता. एके दिवशी विचारलंन, ‘यात पिक्चर-बिक्चर दिसते का?’

‘नाही मामा.’

‘फेसबुक?’

‘तेही नाही. आपण भरलं तेवढंच दिसतं.’

‘मंग राहू दे,’ म्हणाला.

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंद झाला नि रागही आला. पोरीच्या हाती आलेली वस्तू बापाला पसंत पडली, ती तिच्यात काय आहे म्हणून नव्हे, काय नाही म्हणून! फाटकाला कुलूप आहे म्हटल्यावर अंगण मोकळं केलं, तशातला प्रकार. भाचीपाशी मी हे बोलले, तर ती हसून म्हणाली, ‘आत्या, अंगण तर मिळालं ना.’ सतरा वर्षांच्या मुलीचा हा शहाणपणा ऐकून बरं वाटावं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मुख्य प्रश्न पेटीत काय भरायचं हा. चिरंजीवांनी मराठी विकिपीडिया घातला, बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं घातली आणि काम संपलं म्हणून हात झटकले. मी म्हटलं, थांब. घरात सर्वांत जास्त वेळ असतं कोण? वहिनी. तिच्यासाठी काय आहे? तो डोकं खाजवू लागला. मराठी विकिपीडियात राजे, किल्ले, गावं, सिनेमे भरपूर. पण बाईच्या दुखण्याखुपण्याचं म्हणाल तर चार-दोन ओळींत उरकलेलं. ज्यांना जे सुचतं ते ते लिहितात. लिहिणाऱ्यांत आपण बायका किती थोड्या, ते असं पाहिल्यावर कळतं.

मग शोधाशोध करून डेव्हिड वर्नरचं आरोग्याचं पुस्तक मिळालं. मेक्सिकोतल्या डोंगरी खेड्यांसाठी ते 1970च्या सुमारास मुळात स्पॅनिशमध्ये लिहिलं गेलं, आणि ‘जहाँ डॉक्टर न हो’ या नावानं हिंदीत आहे. वहिनीला हिंदी सावकाश का होईना, वाचता येतं. माझ्या हट्टानं आणखी एक पुस्तक घातलं, ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’. 1882 सालचं. त्याचे हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. ताराबाई आमच्या बुलढाण्याच्याच! तेवढं जुनं पुस्तक, नि तेही आपल्या जिल्ह्यातल्या बाईचं, हे भाचीला ठाऊकच नव्हतं. ‘इतक्या तावातावानं लिहिलंय की जुनी भाषा अडत नाही,’ असं तिनं मला सांगितलं.

वहिनीची गोष्ट मात्र निराळी. तिला पाळीच्या वेळी अंगावर फार जायचं, दोन वर्षं झाली. घरात सगळ्यांना वाटे, पंचेचाळिशी आली, चालायचंच. तिलाही तसंच वाटे. दुपारी सगळं निजानीज झाल्यावर ती तो बिनसिमचा फोन घेऊन ओसरीवर बसायची. काय वाचते, कुणी विचारलं नाही. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ताई, त्या पुस्तकात लिहिलं हाय की इतकं जाणं बरं नाही, दाखवून घ्या म्हणून. मले थकवा येते तो त्यानंच असेल का?’ आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं तर फारच कमी निघालं. गर्भाशयात गाठ होती, साधी निघाली. उपचार सुरू आहेत. पेटीनं तिला बरं केलं असं मी म्हणणार नाही, ते काम डॉक्टरांचं. पण दोन वर्षं जो प्रश्न तिनं कुणाला विचारला नाही, तो तिला इथे तोंड न उघडता विचारता आला.

पेटीची देखभालही आता वहिनीच करते. पॅनलवर धूळ बसली, कबुतरांनी घाण केली की बॅटरी भरत नाही. म्हणून सकाळी तुळशीला पाणी घातलं की ओलं फडकं घेऊन ती शिडी चढते. यंत्र एकदम खटकन बंद करायचं नाही, कार्ड बिघडतं. आधी फोनवरून बंद करायचं, मग बटण, हे तिनं आजीलाही पढवलंय. शेजारच्या दोन मुली संध्याकाळी अभ्यासाला येतात. एकच फोन, त्यामुळे पाळ्या लावल्यात. वापरणाऱ्यांतलं कुणीतरी अशा वस्तूची काळजी वाहणारं हवं; नुसती आणून ठेवली तर चार महिन्यांत तिच्यावर पापडांची डाळ वाळत पडते.

एक उणीव मात्र कशानंच भरत नाही. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. अभ्यास पेटीतून झाला, पण अर्ज पेटीतून जात नाही! त्यासाठी खरं इंटरनेट हवं, नि ओटीपी येतो तो दादाच्या फोनवर. मागच्या आठवड्यात वहिनीनं मला फोन केला, दादाच्याच फोनवरून, तोही शेजारी बसलेला असताना. ‘ताई, पोरीच्या नावाचं सिम घ्यायचं म्हणते मी. तुम्ही सांगा यांना.’ पलीकडे दादा काही बोलला नाही. मी म्हटलं, ‘फोन दे त्याच्याकडे.’