मला ऐकू येतंय, तुम्हाला?

‘हॅलो... मला तुमचं येतंय, तुम्हाला माझं येतंय का?’ हे वाक्य आपण दिवसातून कितीदा बोलतो! माझ्यामुळे एका माणसाने ते रात्रभर ऐकलं.

झालं असं. फ्रीलान्स पत्रकाराचं मानधन उशिरा येतं आणि पुण्यातला घरमालक वेळेवर. म्हणून मी एका कंपनीचं काम घेतलं. टेलिफोनीच्या मीडिया सर्व्हरचं मॅन्युअल दुरुस्त करायचं. मीडिया सर्व्हर म्हणजे कस्टमर केअरला फोन केला की ‘मराठीसाठी दोन दाबा’ ऐकवणारा, होल्डवर म्युझिक वाजवणारा तोच तो. मॅन्युअलमध्ये दोन भाग: तो चालवायचा कसा आणि बिघडला तर बघायचं कुठे.

मास कॉम केलेल्या मुलीला काय, शब्द कापायचे! फायरवॉलच्या पानावर एक वाक्य दोनदा आल्यासारखं वाटलं. उडवलं. पान मस्त सुटसुटीत झालं.

तीन आठवड्यांनी सपोर्टकडून मेल आला. एका ठिकाणी फोन लागतोय, उचललाही जातोय, पण आवाज एकाच बाजूने. ग्राहकाला इकडचं ऐकू येतं, इकडे त्याचं नाही. तिथला अ‍ॅडमिन रात्रभर माझंच पान उघडून बसला होता. तेव्हा मला कळलं, की इंटरनेटवरच्या फोनचे रस्ते दोन. कॉल जोडण्याचं काम एसआयपी करतं, सहसा ५०६० पोर्टवर. प्रत्यक्ष आवाज आरटीपीने जातो, वेगळ्या यूडीपी पोर्ट्सवरून. अ‍ॅस्टरिस्क या खुल्या सॉफ्टवेअरच्या नमुना फाइलमध्ये ही रेंज १०००० ते २०००० आहे. पहिला रस्ता उघडा आणि दुसरा बंद, की झालं! मी उडवलेलं वाक्य नेमकं दुसऱ्या रस्त्याचं होतं.

‘नवीन पीडीएफ टाकून दे, कुणाला कळणारसुद्धा नाही,’ असं मला सांगण्यात आलं. मोह झाला, खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात सिद्धनाथाच्या रथासाठी म्हसवडला गेले. आमच्या आण्णांचा तिथे एसटीडी बूथ होता. २००२ मध्ये मुंबईच्या नंबरांच्या आधी २ लागला, तेव्हा मुंबईला कामाला गेलेल्यांच्या घरच्या बायका जुन्याच चिठ्ठ्या घेऊन यायच्या. आण्णा प्रत्येक चिठ्ठीवर लाल पेनाने २ लिहून द्यायचे. जुना नंबर तसाच ठेवून.

‘नवीन चिठ्ठी का नाही दिली?’ मी विचारलं.

‘आगं, जुनं फेकलं तर काय बदललं ते कळायचं कसं? घरात आनि चार ठिकानी त्योच नंबर लिवल्याला आसतोय.’

इंटरनेटचे मोठे लोकही हेच करतात. आरएफसी नावाचे तांत्रिक दस्तऐवज एकदा प्रसिद्ध झाले की बदलत नाहीत. चुकांची यादी वेगळी, जाहीर. फोनवर दाबलेलं बटण इंटरनेटवरून कसं पाठवायचं, हे सांगणारा २००० सालचा आरएफसी २८३३ आजही वाचता येतो. त्याच्या जागी २००६ मध्ये ४७३३ आला, तरीही.

पुण्यात परतल्यावर मी मॅन्युअलच्या सुरुवातीला एक पान जोडलं: कुठल्या पानावर काय चुकलं होतं, बरोबर काय, तारीख. थोडी वादावादी झाली, पण पान राहिलं. कारण जुनी पीडीएफ डाउनलोड करून ठेवलेले आणखी कितीतरी अ‍ॅडमिन असणार.

आणि त्या अ‍ॅडमिनला मी सॉरीचा मेल केला. उत्तर दोनच शब्दांचं होतं.

‘आता येतंय.’