लेखण्यांचे बिऱ्हाड

बदलीच्या नोकरीतला मनुष्य दोन विद्या लवकर शिकतो, असे म्हणतात. सामान कमी ठेवणे ही पहिली. आणि ठेवले तेवढे नीट बांधणे ही दुसरी. पहिली आम्हांला पगारामुळे आपोआपच साधली. दुसरीत मात्र आम्ही अद्याप कच्चे आहोत, आणि त्या कच्चेपणाचा पुरावा काळ्याचे तपकिरी झालेल्या एका पेनाच्या रूपाने आमच्या घरी मौजूद आहे. या पेनापायी यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही चामड्याचे एक पाकीट घेतले. तीन पेने मावतील एवढ्याशा पाकिटावर कोणी लेख लिहावा काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. आमच्या घरातही तो पडला होता. फक्त तेथे त्याचे रूप ‘एवढ्याशा पाकिटासाठी पाच रविवार घालवावेत काय’ असे होते.

तिघांतले वडीलधारे पेन आमच्या वडिलांचे. नाना तलाठी होते. नोकरीच्या पहिल्या पगारातून त्यांनी हे पेन घेतले. काळे, जाड, एबोनाइटचे, लेथवर उतरवलेले आणि ड्रॉपरने शाई भरायचे. दुकानदाराने नळीवर त्यांचे नाव बारीक अक्षरांत कोरून दिले होते. तशी तेव्हा पद्धतच होती. या पेनाने त्यांनी तीस-बत्तीस वर्षे सातबारे उतरून दिले, फेरफार नोंदवले, पीकपाहणी लिहिली. गावात कोणाचा बांध कोठे संपतो आणि कोणाची विहीर सामाईक आहे, हे या निबेला जितके ठाऊक होते तितके ते बांधावर भांडणाऱ्यांनाही ठाऊक नसे. पुढे 2018 पासून सातबारा अंकीय स्वाक्षरीने मिळू लागला, आणि 2024 मध्ये ‘तलाठी’ हे पदनामही जाऊन ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे भारदस्त नाव आले. नाना या दोहोंच्या आधीच गेले.

दुसरे पेन ‘हीरो’. त्याचे टोपण सोनेरी आणि निब झाकलेली. आम्ही पदवीधर झालो त्या दिवशी नानांनी ते काही न बोलता आमच्या खिशाला लावले. तिसरे आमचे आम्ही कॉलेज स्ट्रीटवर घेतलेले. त्याला अद्याप चरित्र नाही.

कलकत्त्यास बदली झाली तेव्हा दक्षिणेकडे मोठी खिडकी असलेले क्वार्टर मिळाले, आणि आम्ही हरखून गेलो. नानांचे पेन काचेच्या पेल्यात उभे करून आम्ही खिडकीत ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ते नजरेस पडावे, ‘हे कोणाचे?’ असे त्याने विचारावे आणि आम्ही सांगावे, एवढाच त्यात हेतू. पितृभक्तीचे असे प्रदर्शन मांडणाऱ्याला शासन होते, ते आम्हांस दोन वर्षांनी झाले. पेनाचा काळा रंग उडून ते शेवाळलेल्या लाकडासारखे दिसू लागले.

एबोनाइट म्हणजे रबरच. त्यात गंधक भरपूर मिसळून, तापवून ते शिंगासारखे कठीण करतात. त्याला ऊन आणि ओल या दोन गोष्टी सोसत नाहीत. उजेडाने पृष्ठभागावरील गंधक सुटते आणि काळा रंग हळूहळू मळकट तपकिरी होतो. हवा दमट असली तर हे काम अधिकच त्वरेने होते. खिडकीतल्या पेल्यात उन्हाची सोय आम्ही केली होती, ओलीची कलकत्त्याने केली.

धरमतल्याच्या बाजूस जुनी पेने दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर बसत. त्यांच्याकडे पेन नेले. त्यांनी ते उजेडात फिरवून पाहिले, नखाने चाचपले आणि सांगितले, “दादा, घासून काळे करून देईन. पण वरचा थर जाईल. नाव पुसट होईल, कदाचित राहणारही नाही.” आम्ही क्षणभर उभे राहिलो. एका बाजूस चाळीस वर्षांपूर्वीची झिलई, दुसऱ्या बाजूस सहा अक्षरे. शेवटी निब तेवढी सरळ करून घेतली आणि पेन तपकिरीच परत आणले. येता येता ट्राममध्ये ठरवले, की आता हे पेन अंधारात, कोरडे आणि एकटे राहील. चामड्याच्या पाकिटाचा विचार तेव्हापासूनचा.

या ठिकाणी एक कबुली देणे भाग आहे. आमच्या कचेरीत पेनाला आता फारसे काम उरलेले नाही. फाइल पडद्यावर येते, टिप्पणी पडद्यावर लिहावयाची, आणि सहीसुद्धा कळ दाबून होते. कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कोणत्या रंगाची शाई वापरावी, याविषयी कार्यपद्धतीच्या नियमांत वाक्ये आहेत. हिरवी-तांबडी शाई सहसचिव आणि त्यावरील मंडळींना, तीही क्वचित. बाकी सर्वांना निळी वा काळी. शाई उरली नाही तरी तिची प्रतवारी शाबूत आहे, हे पाहून आम्हांस सरकारच्या दूरदृष्टीचे कौतुकच वाटते. असो.

पहिला रविवार न्यू मार्केटात गेला. 1874 मध्ये उघडलेल्या या बाजारात न मिळणारी वस्तू नाही, अशी ख्याती आहे. म्हणूनच हवी ती वस्तू तेथे सापडण्यास वेळ लागतो. दुकानदाराने एकामागून एक पाकिटे आमच्यापुढे टाकली आणि प्रत्येकाच्या वेळी ‘अस्सल चामडे’ असा उच्चार केला. पहिले रेक्झिनचे होते, हे आम्हांलाही समजले. दुसरे अधिक फसवे होते. कातडे उभे चिरले की वरचा सालीचा थर आणि खालचा तंतूंचा थर असे दोन भाग होतात. खालच्यावर प्लास्टिकचा मुलामा देऊन वर छिद्रांचे ठसे उमटवले, की तेही कायद्याने चामडेच ठरते. अशा मालाला कलकत्त्याचे दोन पावसाळे पुरतात. तिसऱ्यात पापुद्रे सुटतात. आम्ही कापलेली कड पाहावयास मागितली. कड दुमडून शिवलेली होती. जेथे कड झाकलेली असते तेथे काहीतरी झाकावयाचे असते, एवढे आम्हांस हिशेबतपासणीच्या अनुभवाने ठाऊक आहे.

दुसऱ्या रविवारी एका मित्राने शांतिनिकेतनी पाकीट दाखवले. त्यावर ठशांची नक्षी, बाटिकसारखे रंग; वस्तू देखणी, हाताला मऊ. पण आत कप्पा एकच. तीन पेने एका कप्प्यात ठेवणे म्हणजे तीन भावांना एका खोलीत कोंडणे. प्रवास संपेपर्यंत प्रत्येकाच्या अंगावर दुसऱ्याचे ओरखडे उठलेले असतात. रबरी पट्ट्यांच्या पाकिटांचेही आम्हांस जमले नाही. पट्टी नवी असते तोवर पेनाचा गळा आवळते, आणि दमट हवेत एकदा सैल पडली की धरावयाचेच सोडून देते.

खरा मोह पडला तो गुंडाळीचा. लांब चामडी पट्टा, त्यावर ओळीने खिसे, वरून पदर. गुंडाळायचे आणि दोरीने बांधायचे. पाहताक्षणी आमच्या डोळ्यांपुढे नानांचा खाकी होल्डॉल उभा राहिला. नानांची बदली झाली, की आदल्या रात्री तो जमिनीवर पसरला जाई. त्यात गादी, चादरी, आईचे पाट, आणि अगदी शेवटी, गुंडाळीच्या मधोमध, उशीच्या अभ्र्यात हे पेन. नाना त्यावर गुडघा देऊन पट्टा आवळीत. त्या दुकानात आम्ही पंधरा मिनिटे ती गुंडाळी सोडीत आणि बांधीत बसलो. मग परत ठेवली. आवळताना सगळा भार पेनांवर येतो, मेजावरून ती गडगडते, आणि मुख्य म्हणजे एक ओळ लिहावयाची तर अख्खे बिऱ्हाड उलगडावे लागते. ज्या पेनाला बाहेर काढणे जड, ते आत राहते. आठवण म्हणून गुंडाळी हवी होती, लिहिण्यासाठी नको होती. आणि या दोहोंतले काय हवे आहे, हे त्या दुकानात आम्हांस प्रथम स्वतःला विचारावे लागले.

शेवटी पाकीट सापडले ते तिलजल्यात. तांगडा, तोपसिया, तिलजला या भागांत पूर्वी कातडी कमावण्याचे कारखाने होते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ते हलवण्याचा आदेश दिला आणि त्या धंद्यासाठी शहराबाहेर बानतल्यास नवे संकुल उभे राहिले. शिवणारे हात मात्र अनेक गल्ल्यांतून जुन्याच जागी आहेत. एका माडीवर चार माणसे बायकांच्या पर्सा शिवीत बसली होती. आम्ही कागदावर आकृती काढून दाखवली: तीन कप्पे, मध्ये चामड्याच्याच भिंती, पाठ कडक, वरून झडप, झडपेची जीभ पट्टीखाली खोवायची, धातूचे बटण नको, कारण बटण टोपणावर घासते.

वयस्क कारागिराने विचारले, “चामडे कोणते, साहेब? क्रोमचे की सालीचे?”

हा प्रश्न कळण्यासाठी आम्हांस अर्धा तास आणि दोन कप चहा लागला. आज जगातले बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते काम लवकर होते, चामडे मऊ आणि पाण्याला बऱ्यापैकी सोशिक असते. सालीचे म्हणजे झाडाच्या सालीतल्या तुरट रसाने सावकाश कमावलेले. मद्रासेकडे त्यासाठी परंपरेने तरवडाची साल आणि हिरडा वापरीत. त्याने एक तुकडा हातात दिला. फिकट, बिस्किटाच्या रंगाचा, कडक. नख दाबले तर खूण राहिली. आम्ही तो नाकाशी नेला आणि तो वास ओळखीचा निघाला. आमच्याकडे कोल्हापुरी वहाणेचे कातडे बाभळीच्या सालीने नि हिरड्याने कमावीत; नव्या वहाणा घरात आल्या की दोन दिवस पडवीला हाच वास असे. चामडे पसंत झाले. आमची पसंती शास्त्रशुद्ध होती, असा दावा आम्ही करीत नाही. पण कडक चामड्याच्या भिंती पेनांना एकमेकांपासून दूर ठेवतात, एवढे शास्त्र तिच्या बाजूने होते.

“रंग कोणता देऊ?” त्याने विचारले. आम्ही रंग नको म्हटले. रंग ओलीने सुटतो आणि पेनाला लागतो, हे एक कारण. दुसरे त्यानेच सांगितले: हे चामडे ऊन आणि हात लागून आपोआप तपकिरी होते. ज्या उन्हाने नानांचे पेन नासवले, तेच ऊन पाकिटाला रूप देणार होते. नऊशे रुपये पडले. घरी हा आकडा आम्ही थोडा कमी करून सांगितला.

पुढची अडचण पावसाळ्यात कळली. श्रावणात एके दिवशी पाकिटावर पांढरी बुरशी दिसली. कोकणातल्या माणसाला हे नवे नाही. वहाणा, पट्टे, पेटीचे पट्टे, सगळ्यांवर ती चढते. उपाय एकच, पुसावे आणि वाऱ्याला ठेवावे. डांबराच्या गोळ्या कपाटात नुसत्या शेजारी असल्या तरी प्लास्टिकच्या वस्तूंस बाधतात, म्हणून त्या वर्ज्य. तेव्हा दर रविवारी पाकीट उघडे करून खिडकीत ठेवावयाचे असे ठरले. पण चामड्याला हवा हवी आणि पेनाला ऊन नको. म्हणजे पेने बाहेर काढणे आले. बाहेर काढलेली पेने कोठे ठेवावीत हा प्रश्न राहिला, आणि त्याचे उत्तर आम्हांस इतके उशिरा सुचावे याची लाज वाटते. ती हातात धरावीत. त्या रविवारपासून पाकीट खिडकीत असते तेवढा वेळ आम्ही पत्रे लिहितो. हीरोने लिहिली, कॉलेज स्ट्रीटच्या पेनाने लिहिली. नानांच्या पेनात मात्र शाई भरण्याचा धीर होईना. ते धुऊन, पुसून, तसेच परत कप्प्यात जाई.

दिवाळीनंतर आई आली. दोन दिवस आम्ही पाकीट कपाटात, साड्यांच्या घडीमागे ठेवले होते. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारले, “नानांचं पेन आहे ना रे?”

आम्ही पाकीट आणून दिले. तिने प्रथम चामड्याचा वास घेतला. मग झडप उघडून पेन काढले आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ पाहिले. आम्ही ऊन, ओल, गंधक, सर्व सांगण्याच्या तयारीत होतो. तिने टोपण फिरवून काढले. टोपणाखालचा भाग काळाभोर होता. इतके दिवस धूत-पुशीत असूनही आम्ही तो पाहिला नव्हता.

“शाई कुठली घालतोस?”

“घालत नाही,” आम्ही म्हटले.

तिने नुसते आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात खिडकीतल्या दोन वर्षांचा जाब नव्हता. या कोरड्या सहा महिन्यांचा होता. नाना ‘कॅमल’ वापरीत, 1931 मध्ये मुंबईस निघालेल्या दांडेकरांच्या कारखान्याची. घरात होती ती ‘सुलेखा’, 1934 मध्ये स्वदेशीच्या भरात बंगाल्यांनी काढलेली, मध्ये बंद पडून 2020 मध्ये पुन्हा बाजारात आलेली. “चालेल,” आई म्हणाली, आणि ड्रॉपर स्वतःच्या हातात घेतला. चार-पाच थेंब मेजावर सांडले, एक पाकिटावर पडला. सालीच्या चामड्याने तो तत्काळ पिऊन टाकला. आम्ही फडके घेऊन धावलो तेव्हा ती म्हणाली, “राहू दे.”

मग तिने कालनिर्णयाचे मागचे पान फाडले आणि त्यावर वाण्याची यादी लिहिली. पोहे, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, गूळ, आमसुले. आमसुले येथे मिळणार नाहीत असे आम्ही म्हटले, तरी तिने ती लिहिलीच. निब जाड चालत होती. पहिल्या दोन ओळी पुसट, पुढच्या दाट आल्या. कोपऱ्यावरच्या बंगाली दुकानदाराला ती यादी वाचता येण्याजोगी नव्हती. त्याने ती उलटी धरली, सरळ धरली आणि आम्हांला परत दिली. मग आम्ही एकेक जिन्नस मोठ्याने वाचला आणि तो तोलत गेला.