दोष सतारीचा नव्हता

जॉर्ज हॅरिसनचा १९७४ सालचा उत्तर अमेरिकेचा दौरा फसला, हे रॉकच्या इतिहासात आता जवळजवळ गृहीतच धरलं जातं. का फसला असं विचारलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, त्याचा आवाज बसला होता. दुसरं, त्याने रविशंकरांचा पंधराएक वादक-गायकांचा ताफा बरोबर नेला होता. पहिलं उत्तर खरं आहे. दुसरं ज्या सहजपणे दिलं जातं, त्या सहजपणाचाच मला संशय येतो. बीटल्सची गाणी आणि आपल्याकडच्या मैफली या दोन्हींवर कान पोसलेला श्रोता म्हणून मी या दौऱ्याकडे पाहतो, तेव्हा मला घोळ दिसतो तो अल्बमच्या वेळापत्रकात आणि तिकीट काढणाऱ्यांच्या अपेक्षेत. सतारीवर आणि सारंगीवर त्याचं खापर फोडणं सोयीचं होतं, एवढंच.

तारखाच पाहा. दौरा २ नोव्हेंबरला कॅनडात व्हँकुव्हरला सुरू झाला आणि २० डिसेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये संपला. सात आठवड्यांत चाळीसहून अधिक कार्यक्रम. ज्या ‘डार्क हॉर्स’ अल्बमसाठी हा सगळा खटाटोप होता, तो अमेरिकेतल्या दुकानांत आला ९ डिसेंबरला. वरात निघाली होती आणि नवरदेव अजून न्हाव्यापुढे बसलेला होता. रॉकच्या दौऱ्याचं गणित तसं साधं असतं. रेकॉर्ड आधी घरोघर वाजते, गाणी लोकांच्या तोंडी बसतात आणि मग ती गायकाबरोबर म्हणायला हजारो लोक जमतात. इथे पहिले पाच आठवडे हॅरिसन लोकांना अशी गाणी ऐकवत होता, जी त्यांनी कधी ऐकलेलीच नव्हती. त्या वर्षी त्याने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. तिच्यासाठी ‘स्प्लिंटर’ या जोडीचा आणि रविशंकरांचा अल्बम त्याने निर्माता म्हणून तयार केला, आणि स्वतःची गाणी शेवटाला राहिली. गंमत म्हणजे जुन्या करारामुळे त्याचा स्वतःचा अल्बम या नव्या कंपनीकडून निघूच शकत नव्हता. तो ‘ॲपल’तर्फेच आला. ऑक्टोबरात लॉस एंजेलिसमध्ये एकीकडे दौऱ्याच्या तालमी आणि दुसरीकडे ध्वनिमुद्रण, असा दुहेरी ताण घशावर पडला. अल्बमचं शीर्षकगीत ऐका, घोगरेपणा त्यात स्पष्ट ऐकू येतो. ही दुखापत या दौऱ्यात एकही भारतीय वाद्य व्यासपीठावर चढण्याआधीची आहे.

आता अपेक्षेचा भाग. बीटल्सनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झाला. त्यानंतर आठ वर्षं त्यांच्यापैकी कुणीही अमेरिकेचा दौरा केला नव्हता, आणि बिल ग्रॅहमसारख्या मातब्बर आयोजकाने उभारलेला हा दौरा त्या अर्थाने पहिलाच होता. लोकांनी पैसे मोजले ते एका बीटलला डोळ्यांनी पाहायला. हॅरिसनला मात्र नेमकी तीच ओळख मागे टाकायची होती. जुनी गाणी त्याने मोजकीच घेतली, आणि घेतली तीही जशीच्या तशी नाही. लेननच्या ‘इन माय लाइफ’चे शब्द बदलून त्याने प्रेयसीच्या जागी देव आणून बसवला. कलावंत म्हणून हा त्याचा हक्क होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याला आठवणी हव्या होत्या त्याच्या हाती प्रवचन पडलं, तर तो चिडणारच. त्यात काही ठिकाणी हॅरिसनने टाळ्या कमी पडल्या म्हणून श्रोत्यांनाच बोल लावले. व्यासपीठावरून श्रोत्याला शिकवू नये, हे आपल्याकडचा कीर्तनकारही जाणतो. तो आधी हसवतो, मग कान उपटतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की काहीही असलं तरी पंधरा-वीस हजारांच्या बंदिस्त स्टेडियममध्ये रागसंगीत लावणं हीच चूक होती. लोक चुळबुळ करत होते, रॉक अँड रोलची मागणी ओरडून करत होते. चुळबुळ झाली, हे मला मान्य आहे. पण अमेरिकी जनसमुदायाला हे संगीत पचत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. १९६७ च्या माँटेरे महोत्सवात रविशंकरांना एक अख्खी दुपार दिली होती, आणि रॉक ऐकायला आलेल्या तरुणांनी ती मनापासून ऐकली. १ ऑगस्ट १९७१ ला बांगलादेशासाठी झालेल्या मदत-कार्यक्रमाची सुरुवातच रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी केली, आणि तीही याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. उलट १९६९ च्या वुडस्टॉकमध्ये पावसात झालेल्या वादनाबद्दल रविशंकरांना स्वतःलाच पुढे खंत वाटत राहिली. कलाकार तेच, श्रोतेही साधारण तेच. फरक पडला तो मांडणीने. १९७१ ला प्रयोजन आधी सांगितलं होतं आणि भारतीय भाग सुरुवातीला होता, श्रोता ताजा असताना. १९७४ ला तो रॉकच्या दोन हप्त्यांमध्ये आला. ढोल आणि इलेक्ट्रिक गिटारने कान भरलेल्या माणसाला अचानक संतूर ऐकवलं, तर तो मध्यंतर समजून बाहेर पाय मोकळे करायला जाणार. बैठकीत ख्यालानंतर ठुमरी का येते आणि भैरवी शेवटीच का, याचा विचार करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूने येतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. एवढे थोर कलाकार रॉक ताऱ्याच्या मागे शोभेला बसवले, रागाचे तुकडे करून विकले, असं म्हणणारे रसिक आजही भेटतात. त्यांनी ताफ्यातली नावं आणि त्यांचं आधीचं काम पाहावं. अल्लारखाँ ए. आर. कुरेशी या नावाने मुंबईच्या चित्रपटांना संगीत देत होते. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांनी मुंबईच्या स्टुडिओत असंख्य गाण्यांना साथ केली होती, आणि ब्रिजभूषण काब्रांबरोबरचा त्यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा तर रागसंगीताला रेकॉर्डच्या मर्यादेत कसं बांधावं याचा वस्तुपाठच आहे. ठरलेल्या मिनिटांत आपलं म्हणणं मांडणं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. सुलतान खाँची सारंगी, एल. सुब्रमण्यम यांचं व्हायोलिन, टी. व्ही. गोपालकृष्णन यांचा मृदंग, लक्ष्मी शंकर यांचा गळा असे उत्तर-दक्षिणेचे कलाकार एकत्र बसवून रविशंकरांनी रचलं होतं ते वृंदवादन. त्याची सवय त्यांना आकाशवाणीच्या वाद्यवृंदापासून होती. तीन तासांचा राग कापून दहा मिनिटांचा केला, असा हा प्रकार नव्हताच. रचनाच मुळात आटोपशीर होत्या. शिकागोत रविशंकरांना हृदयाचा त्रास झाला आणि त्यांना काही कार्यक्रम सोडावे लागले, तेव्हा लक्ष्मी शंकर यांनी वृंद सांभाळला. शोभेची मंडळी अशी उभी राहत नाहीत.

तिसरा मुद्दा १९९१ चा. त्या वर्षी डिसेंबरात हॅरिसनने एरिक क्लॅप्टनला घेऊन जपानचा दौरा केला, भारतीय वादक नव्हते, बीटल्सची गाणी भरपूर होती, आणि सगळं सुरळीत पार पडलं. मग सिद्ध झालं की नाही, असं कुणी विचारेल. मला तर यातून उलटच दिसतं. या वेळी आवाज ठणठणीत होता, क्लॅप्टनचा तयार वाद्यवृंद हाताशी होता, विकायला नवा अल्बम नव्हता आणि लोकांना हवी ती गाणी मिळाली. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यावर यशाचं श्रेय पाचवीला, म्हणजे सतारीच्या गैरहजेरीला, देणं हे तर्कात बसत नाही. बरं, १९७४ चं अपयशही सांगितलं जातं तेवढं सरसकट नव्हतं. चरित्रकार सायमन लेंग यांनी दाखवून दिलं आहे की गावोगावच्या वृत्तपत्रांतली परीक्षणं बरीचशी अनुकूल होती. कायमची छाप पडली ती ‘रोलिंग स्टोन’च्या तिखट लेखाची. अल्बमचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. आदल्या वर्षीचा ‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’ अमेरिकेत पहिल्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होता. ‘डार्क हॉर्स’ अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. ब्रिटनमध्ये, जिथे हा दौरा गेलाच नाही, तो यादीत आलाच नाही. भारतीय ताफ्याने अल्बम बुडवला असता तर चित्र याच्या उलट दिसायला हवं होतं. अर्थात अल्बम तसा डावाच आहे, आणि त्याची विक्री केवळ दौऱ्यावर अवलंबून नव्हती. पण आरोप ज्यांनी करायचा, पुरावा त्यांनीच द्यायला हवा.

माझ्या मते हॅरिसनची खरी चूक ही, की तारखा आधी ठरल्या आणि गाणी नंतर झाली. आणि श्रोत्यांना कशासाठी बोलावलं आहे ते त्यांना धड सांगितलं गेलं नाही. ज्यांना माझं म्हणणं पटत नसेल त्यांनी २०१० साली निघालेला ‘कोलॅबरेशन्स’ हा संच मिळवावा. दौऱ्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, २३ सप्टेंबर १९७४ ला, याच ताफ्याने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये केलेल्या कार्यक्रमाचं चित्रण त्यात आहे. ते आधी पाहावं, मग ‘डार्क हॉर्स’ लावावा, आणि दोहोंपैकी थकलेला आवाज कुणाचा आहे ते स्वतःच ठरवावं.