दोन घोडे आणि एक हत्ती

आमच्या वस्तीच्या उद्यानात मध्यभागी एक फरसबंद चौक आहे. फार मोठा नव्हे, पंचवीसएक पावलांत ओलांडता येतो. तेथे एखादे शिल्प बसवावे असे रहिवाशांच्या सभेत ठरले, आणि कोणते बसवावे ह्या प्रश्नावर पुढल्या तीन सभा खर्ची पडल्या. कोणी थोर पुरुषाचा अर्धपुतळा सुचविला, कोणी कारंजे, तर कोणी पोलादी पट्ट्यांची नूतन पद्धतीची आकृती. मला विचारले तेव्हा, पाहिल्यावाचून मत देणे बरे नव्हे असे वाटून मी आठ दिवसांची मुदत मागितली व पुण्याहून मुंबईस गेलो.

मुंबईचा काळा घोडा वाचकांस ठाऊकच असेल. इंग्लंडचा युवराज १८७५ साली मुंबईस येऊन गेला. त्या भेटीचे स्मारक म्हणून सर आल्बर्ट ससून ह्यांनी बोहम नामक शिल्पकाराकडून त्याचा अश्वारूढ पुतळा करविला व तो १८७९ साली त्या चौकात उभा राहिला. स्वाराचा गौरव व्हावा, हा दात्याचा हेतू. परंतु लोकांच्या तोंडी नाव बसले ते घोड्याचे! पुढे १९६५ साली पुतळा तेथून हलविला. तरीही चौकाचे नाव हलले नाही. पन्नास वर्षांहून अधिक काळ घोडा नव्हता आणि काळा घोडा मात्र होता. न्यायवैशेषिकांनी अभाव हाही एक पदार्थ मानला आहे, त्याचे इतके सुबोध उदाहरण मला शाळेत शिकविताना मिळाले असते तर किती बरे झाले असते! असो. २०१७ साली तेथे श्रीहरी भोसले ह्यांनी घडविलेला नवा घोडा आला. त्याच्या पाठीवर स्वार नाही. लोकांनी केलेली निवड शिल्पकाराने मान्य केली, असेच मला वाटले.

जुना घोडा पाहण्यासाठी भायखळ्यास राणीच्या बागेत, म्हणजे आताच्या जिजामाता उद्यानात गेलो. तो आपल्या स्वारासह तेथे आहे. काम उत्तम, पण मान वर करून पाहावे, वाचावे आणि पुढे जावे, एवढाच त्याचा आपला संबंध.

तेथून वस्तुसंग्रहालयाकडे वळलो, तो घारापुरीचा पाषाणाचा हत्ती दिसला. ह्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास एलेफंटा नाव दिले. १८६४ साली त्याला विलायतेस नेण्यासाठी उचलीत असता यारीची साखळी तुटली व त्याचे तुकडे झाले. ते ह्या बागेत आणले गेले आणि १९१४ साली सांधून हत्ती पुन्हा उभा केला. मी तेथे असताना एक लहान मुलगा त्याचे सांधे निरखीत आजीला विचारीत होता, "ह्याला दुखलं असेल का गं?" आजीबाई उत्तर न देता बराच वेळ हत्तीकडे पाहत राहिल्या. घोड्यासमोर असे काही विचारणारे मला कोणी आढळले नाही.

परतल्यावर सभेत मी सांगितले की, उंच चौथरा नको. मुलांचा हात पोहोचेल असे काही असावे. पोलाद वैशाखात हातास चटके देईल. कारंज्याचे पाणी आटले की त्यात पाने व कागद साचतात, हे पुणेकरांस सांगावयास नको. काळा पाषाण उन्हापावसात टिकतो आणि सावलीत गार राहतो. धुण्यापुसण्याचा वार्षिक खर्च मात्र आधी बाजूस काढावा. आता आकृती कोणती? उद्यानाच्या जागी पूर्वी गवळ्यांचे गोठे होते, हे आम्हां वृद्धांस आठवते. म्हणून मी बसलेली म्हैस सुचविली.

सभेत हशा पिकला. "सरस्वती सोडून म्हैस? आणि तीही गुरुजींनी सुचवावी?" असे एक वकील म्हणाले. मी म्हणालो, सरस्वतीवर मुले चढू लागली तर आपणच त्यांस ओरडू. म्हशीवर चढली तर कोणाचे काय बिघडणार? निर्णय पुढील रविवारी आहे. तथापि निघताना त्याच वकिलांनी मला हळूच विचारले, म्हशीचे तोंड कोणत्या दिशेस करणार? फाटकाकडे, असे मी सांगितले. सायंकाळी गुरे तिकडूनच घरी येत असत.