दारापुढचा दगड

आमच्या वस्तीत पूर्वी भांडणे नळावर होत. पाणी पहाटे यायचे, तासाभरात जायचे, आणि हंड्यांच्या रांगेत कोणी मध्ये घुसले की सकाळ शिव्यांनीच उजाडायची. पुढे घरोघर नळ आले. भांडण मात्र गेले नाही. ते नळावरून उठले आणि दारापुढच्या रस्त्यावर येऊन बसले. आज गल्लीत आवाज चढला की बाहेर न बघताही सांगता येते, कोणीतरी कोणाच्या तरी फाटकापुढे गाडी लावली आहे.

हा विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. समाजापुढे शिक्षणाचा, नोकरीचा, आरक्षणाचा प्रश्न असताना गाड्यांच्या भांडणावर काय लिहायचे, असे आमच्या घरातही म्हटले गेले. पण मागच्या दोन-तीन वर्षांत या भांडणाने आमच्या गल्लीतली जितकी घरे एकमेकांना तुटली, तितकी निवडणुकीनेही तुटली नव्हती. म्हणून लिहितो.

आम्ही उत्तर नागपूरचे. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी एम्प्रेस मिलमध्ये होते, कोणी रेल्वेत. बाया बिड्या वळायच्या. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. त्या काळात बहुतेक घरांत एक सायकल, आणि तीही रात्री आत भिंतीला टेकवलेली, एवढीच वाहनाची कथा होती. पंधरा बाय चाळीसचे प्लॉट. घर बांधताना प्रत्येकाने शेवटच्या इंचापर्यंत खोली काढली, कारण माणसे दहा आणि जागा सहाशे फूट. मोटार ठेवायला जागा सोडावी हे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही.

पुढे पोरे शिकली. कोणी बँकेत लागला, कोणी एमआयडीसीत. मोटारसायकली हप्त्यावर आल्या. कोणी ऑटो घेतला, कोणी माल वाहायला छोटा हत्ती घेतला. मग मोटारी आल्या. गल्लीत पहिली मोटार आली तेव्हा सगळ्यांना पेढे मिळाले होते, आणि मालकाच्या म्हाताऱ्या आईने मागच्या काचेवर निळे जयभीम स्वतःच्या हाताने चिकटवले होते. त्या आनंदाला आम्ही नावे ठेवणार नाही. आजही या देशात अशी गावे आहेत, जिथे आपला नवरदेव घोड्यावर बसून गावच्या रस्त्याने निघाला म्हणून मारहाण होते. ज्यांच्या आज्याला गावच्या रस्त्यावर खाली मान घालून चालावे लागले, त्यांचा नातू स्वतःच्या मोटारीतून आईला दीक्षाभूमीवर नेतो, ही बाबासाहेबांची पुण्याई आहे. प्रश्न मोटारीचा नाही. मोटार घरी आल्यानंतर ती रात्री कुठे उभी राहते, हा आहे.

आमची गल्ली कागदावर वीस फुटांची. दोन्हीकडची नाली, तिच्यावरची फरशी आणि पुढे आलेल्या पायऱ्या यांनी अडीच-अडीच फूट घेतले की उरले पंधरा. साधी मोटार साडेपाच फूट रुंद. दोन्ही बाजूंना मोटारी लावल्या की अकरा फूट गेले, उरले चार. चार फुटांतून मोटारसायकल जाते. ऑटोही अडतो. ॲम्ब्युलन्स जात नाही, आणि अग्निशमनाची आठ फुटांची गाडी तर गल्लीच्या तोंडाशीच थांबते. हा हिशोब समजायला मोठे शिक्षण लागत नाही, पण तो कोणी करत नव्हते. प्रत्येकजण फक्त आपल्या दारापुरता हिशोब करत होता.

मग दगड आले. एकाने आपल्या घरापुढे नालीपासून चार फुटांवर दगड मांडला, जेणेकरून तिथे दुसऱ्याने गाडी लावू नये. त्याचे पाहून शेजाऱ्याने सिमेंट भरलेला डबा ठेवला आणि त्यात लोखंडी सळई रोवली. तिसऱ्याने टायर, चौथ्याने तुटका पलंग. काहींकडे तर गाडीच नव्हती, पण उद्या घेतली तर जागा असावी म्हणून त्यांनीही कुंड्या मांडल्या. विचारले तर सर्वांचे उत्तर एकच : "माझ्या घरासमोरची जागा माझीच नं!"

ही जागा माझी कशी झाली, याचा विचार आपण बौद्धांनी इतरांपेक्षा जास्त करायला हवा. आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातले दुसरे शील अदिन्नादाना, म्हणजे जे दिलेले नाही ते न घेणे. आपल्या पट्ट्यावर, रजिस्ट्रीवर चतुःसीमा लिहिलेली असते. एका बाजूला अमक्याचे घर, दुसऱ्या बाजूला तमक्याचे घर, आणि समोर रस्ता. म्हणजे आपली हद्द जिथे संपते तिथे रस्ता सुरू होतो, हे आपल्याच कागदावर लिहिलेले असते. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणे एवढाच तिचा अर्थ आपण घेतो. सर्वांच्या मालकीचे एकट्याने अडवणे हेही त्यातच येते, हे विसरतो.

सार्वजनिक म्हणजे काय, हे या देशाला शिकवायला बाबासाहेबांना महाडला जावे लागले. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले ठरवले होते. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या पाण्याला हात लावला तेव्हा आपल्या लोकांची डोकी फुटली. त्यानंतर सनातनी कोर्टात गेले आणि त्यांनी दावा केला तो हाच, की हे तळे सार्वजनिक नाही, आमचे आहे. तो खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि घाट यांच्याबरोबर रस्त्यांचेही नाव आले. धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान पाहून रस्त्याच्या वापरापासून कोणाला अडवता येणार नाही, असे तिथे आहे. गाडी लावण्याचे भांडण हे जातीचे भांडण नव्हे, दोन्हींची बरोबरी आम्ही करत नाही. पण "हे आमचे, तुम्ही इकडे यायचे नाही" हे वाक्य ज्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकले, त्यांच्या तोंडी तेच वाक्य शेजाऱ्याला उद्देशून यावे, याचे वाईट वाटते.

आमच्या गल्लीत हे वाक्य कोठवर गेले ते सांगतो. एक ऑटोवाले भाऊ पहाटे पाचला स्टेशनकडे निघतात. मुंबईकडून आणि हावड्याकडून येणाऱ्या सकाळच्या गाड्यांवर त्यांच्या दिवसाची अर्धी कमाई असते. त्यांच्या समोरच्या घरी नवी मोटार आली. ती रात्री उशिरा यायची आणि जागा मिळेल तिथे, म्हणजे बहुधा यांच्या फाटकापुढे, उभी राहायची. पहाटे हाका मारायच्या, दार ठोठवायचे, फोन उचलला जायचा नाही. तोवर स्टेशनवरचे भाडे गेलेले. एका सकाळी मोटारीच्या दारावर खिळ्याने ओढलेली लांब रेघ दिसली. कोणी ओढली हे आजपर्यंत सिद्ध झालेले नाही. पण त्या रेघेवरून आयामाया निघाल्या, कॉलर धरली गेली आणि दोन्ही घरे ठाण्यात गेली. तिथे अदखलपात्र नोंद झाली, पुढे दोन्हीकडच्या पुरुषांना चॅप्टर केसच्या नोटिसा आल्या. तारखेच्या दिवशी याचाही रोज बुडाला आणि त्याचाही.

यात सर्वात वाईट गोष्ट अशी की भांडण सोडवायला मध्ये पडलेल्या पुतण्याचे नावही कागदावर चढले. तो पोलीस भरतीसाठी रोज सकाळी मैदानावर धावणारा पोरगा. भरतीत चारित्र्य पडताळणी असते, आणि कोणतीही नोंद लपवता येत नाही. त्याची आई रात्र-रात्र झोपली नाही. साडेपाच फूट जागेपायी एका पोराची पाच वर्षांची मेहनत पणाला लागली होती.

दोन्ही घरच्या बाया एकाच विहारात यायच्या. आता एक डावीकडे बसायची, दुसरी उजवीकडे. वर्षावास चालू होता आणि रिवाजाप्रमाणे रोज सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होत होते. त्यात रोहिणी नदीचे प्रकरण आले. शाक्य आणि कोलीय यांच्या मधून रोहिणी वाहते, दोघेही तिच्या पाण्यावर शेती करतात, आणि पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दर हंगामात तंटे होतात. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना त्यात मारामारी झाली आणि शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला. आपल्या माणसांचीही चूक आहे, असे त्याने भर सभेत सांगितले. दोघे आपले निवडावेत, दोघे त्यांचे, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून तंटा मिटवावा, अशी सूचना त्याने मांडली. बहुमताने ती फेटाळली गेली, आणि त्यातूनच त्याला घर सोडावे लागले. बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण सांगितले ते हे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, शेजाऱ्यांचे भांडण मिटवू पाहिले म्हणून सिद्धार्थ घराबाहेर पडला.

वाचन संपले आणि मागे बसलेली एक आजी मोठ्याने म्हणाली, "आपली रोहिणी तं दारातच आहे नं बाई. मंग पाच माणसं काहून नाही निवडत?"

कोणी हसले नाही. त्याच आठवड्यात पाचजण निवडले गेले. दोन या घरचे, दोन त्या घरचे, आणि चौघांनी मिळून पाचव्या निवडल्या अंगणवाडीच्या ताई, कारण दोन्ही घरची पोरे त्यांच्याच हाताखालून गेली होती. ताईंनी पहिल्या बैठकीत रेघेचा विषय काढूच दिला नाही. गवंडीकाम करणाऱ्या एका भावाला टेप घेऊन बोलावले आणि गल्ली मोजायला लावली. वर दिलेला हिशोब त्या दिवशीचा आहे. पंधरातून साडेपाच गेले की साडेनऊ उरतात, म्हणजे गाड्या एकाच बाजूला लावल्या तर अग्निशमनाची गाडीही आत येते. आकडा समोर आल्यावर आवाज आपोआप खाली आले.

मग ठरले ते असे. गाड्या एकाच बाजूला, आणि दर महिन्याच्या एक तारखेला बाजू बदलायची. कोणाच्याही फाटकापुढे, रात्री असो की दिवसा, गाडी नाही. तेवढ्या भागावर चुन्याची रेघ. ज्यांच्या गाडीवर चूल पेटते, म्हणजे ऑटो आणि छोटा हत्ती, त्यांना गल्लीच्या तोंडाजवळची जागा, कारण त्यांना पहाटे निघायचे असते. रविवारपुरती निघणारी मोटार आत. प्रत्येक गाडीच्या काचेमागे फोन नंबर, आणि फोन वाजला की उचलायचा. दगड, डबे, टायर सगळे उचलायचे, ज्याने ठेवले त्यानेच. विहाराच्या आवारात रात्री गाड्या ठेवू द्या, अशीही सूचना आली होती. बायांनी ती ठामपणे नाकारली. आवार पोरांच्या खेळण्याला आणि अभ्यासिकेला आहे, असे त्यांनी सांगितले, आणि ते योग्यच झाले.

सगळे गोड झाले असे नाही. एका घराने सही केली नाही, त्यांची कुंडी अजून तिथेच आहे. मोटारवाले आणि ऑटोवाले यांच्यात आजही हसणे-बोलणे नाही. पण पहाटे पाचला ऑटो निघतो, आणि दोघांनी ठाण्यात जाऊन आपसात मिटल्याचे लिहून दिले आहे. पोरगा पुन्हा मैदानावर दिसतो.

कायदाही माहीत असावा. फाटक अडवणारी गाडी वाहतूक पोलीस उचलून नेऊ शकतात आणि दंड करतात. तसेच सार्वजनिक रस्त्यावर दगड-साखळी ठेवून जागा राखण्याचा हक्क कोणालाही नाही, मनपा ते अतिक्रमण म्हणून उचलते. मुंबई-पुण्याकडे जे बांधव सोसायटीत राहायला गेले, त्यांनीही लक्षात ठेवावे : मोकळी किंवा इमारतीखालची पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. ती जागा सोसायटीची असते, आणि गाड्या जास्त व जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावे, असे आदर्श उपविधीत आहे. पण कायदा हा शेवटचा दरवाजा आहे. पहिला दरवाजा शेजाऱ्याचा.

आपल्या वस्त्यांत जयंतीला मंडप उभारायला, मिरवणूक काढायला शंभर हात एका रात्रीत जमतात. त्यातले दहा हात गल्ली मोजायला जमले तरी पुरे. येत्या वर्षावासात ज्या सायंकाळी रोहिणीचे प्रकरण वाचले जाईल, त्या सायंकाळी ग्रंथ मिटल्यावर लगेच घरी जाऊ नका. टेप घ्या आणि आपली गल्ली किती फुटांची आहे, ते आधी पाहून घ्या.

जयभीम.