धारवाडला कसुतीचा एक दिवस

मैत्रिणींनो, ट्रंकेत आईचे इरकली लुगडे असेल, तर त्याची वाकळ शिवण्याआधी पदर उलटून पाहा. मीही शिवणारच होते. पण धारवाडच्या बायकांच्या मंडळात दिवसभराचा कसुतीचा वर्ग होता, म्हणून आईचे काळे लुगडे पिशवीत घालून मिरजेहून गाडीत बसले.

कसुतीला छापा नाही, पेन्सिल नाही. कापडाचे धागे मोजायचे नि सुई घालायची. गाठसुद्धा मारायची नाही. गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी असे चार टाके. मेंथी म्हणजे आपली मेथीच! गवंतीत जाताना एकाआड एक टाका पडतो, परतताना मधल्या जागा भरतात, उलट-सुलट सारखेच. माझा एकच धागा चुकला आणि तुळशीवृंदावन कलले. शेजारच्या अज्जींनी हसतहसत सगळे उसवायला लावले.

दुपारी भाकरी नि भरली वांगी खाताना भाषा कुणालाच आडवी आली नाही.

मग अज्जींनी लुगडे मागितले. पदर उलटून गोपुरावरून बोट फिरवले. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "ताई, दोन्हीकडे सारखं. हातचं काम आहे. कापू नका."

लुगडे परत ट्रंकेत आहे. वाकळीला जुनी धोतरे पुरली.